सात नंबरचं इंजेक्शन

३ जून
गॅस पुन्हा चालू राहिला! पातेल्यात काही नव्हतंच, नुसतं पातेलं तापून काळंठिक्कर. सुनेने येऊन बटण बंद केलं आणि पातेलं घासायला घेतलं. तेच जास्त लागतं. चाळीस खाटांचा वॉर्ड चालवला मी — कोणाला कुठली गोळी, कोणाचे टाके कधी काढायचे, सगळं तोंडपाठ. आणि आता एक बटण बंद करता येत नाही. लाज वाटली. रागही आला, पण काढणार कोणावर?

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, वाचनालयाच्या वर स्मरणशक्तीचा वर्ग निघालाय. तुझं नाव घातलंय." नाव घातलंय! मी काय बालवाडीत चाललेय?

६ जून
गेले. बारा म्हातारे आणि एक पंखा. शिकवणारे सर विज्ञानाचे शिक्षक होते, आता निवृत्त. म्हणाले, "तुम्ही गॅस बंद करायला विसरत नाही. तुमचं लक्षच तिथे नसतं. जे डोक्यात शिरलंच नाही, ते आठवणार कुठून?" पटलं. उपाय — बटण फिरवताना मोठ्याने बोलायचं.

मला हसूच आलं. हे तर मी वॉर्डात तीस वर्षं केलं! ड्यूटी बदलताना येणाऱ्या सिस्टरला घेऊन खाटेखाटेपाशी जायचं, पेशंटबद्दल सांगायचं आणि तेच वाक्य तिच्या तोंडून वदवून घ्यायचं. "परत म्हण!" पोरींनी माझं नावच पाडलं होतं — परतम्हणबाई. सरांना सांगितलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, आपल्या गुरू इथेच बसल्यात." मी फुगून टम्म.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसतात. अख्ख्या गावाचे पत्ते पाठ, पण बायकोला बहिणीच्या नावाने हाक मारतात. "घरात रोज वाजतं त्यावरून," म्हणाले.

९ जून
"गॅस बंद. गॅस बंद." नात आईला सांगत होती — आजी शेगडीशी भांडतेय.

१३ जून
सरांनी गृहपाठ दिला. जी आठवण शंभर टक्के पक्की वाटते, ती बारीकसारीक तपशिलासकट लिहायची. मग तिचा पुरावा शोधायचा — फोटो, पत्र, दुसरा माणूस, काहीही. म्हणाले, "डोकं म्हणजे कपाट नव्हे, ठेवलेलं तसंच्या तसं मिळायला. आपण आठवण दर वेळी नव्याने शिवतो. आणि शिवताना थोडी आपल्या मापाची करून घेतो."

पोस्टमन म्हणाले, "म्हणजे आम्ही सगळे खोटारडे?"

"नाही हो. खोटारड्याला आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं."

१४ जून
माझी पक्की आठवण. सोळा वर्षं झाली, पण काल घडल्यासारखी आहे.

सात नंबरला एक बँडवाला होता. तोंडाने फटकळ, छातीत कफ. दुपारी बारा वाजता मला म्हणाला, "बाई, हे इंजेक्शन मागे एकदा घेतलं तेव्हा माझा श्वास कोंडला होता." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रात्री आठचं देऊ नका, उद्या बदलतो. दोन वाजता लवंगी ड्यूटीवर आली. लवंगी म्हणजे आमची सगळ्यात लहान सिस्टर, चोवीस वर्षांची. फटाफट उत्तर द्यायची म्हणून मीच ते नाव ठेवलेलं. सात नंबरपाशी औषधांच्या ट्रॉलीला टेकून मी तिला सांगितलं, "ह्याला आठचं इंजेक्शन नाही. परत म्हण." ती म्हणाली, "सातला आठचं इंजेक्शन नाही." तिचा आवाजही कानात आहे.

तिने आठला इंजेक्शन दिलं. बँडवाला निळा पडला. तीन दिवस ऑक्सिजनवर होता, वाचला नशिबाने. चौकशीत लवंगी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही नाही हो सांगितलंत." दोनदा म्हणाली. मी मेट्रनच्या टेबलावर हात आपटला — "परत म्हणायला लावलं होतं मी हिला!" तिची नोकरी गेली.

पुढे दर वर्षी नव्या मुली आल्या की मी हीच गोष्ट सांगायचे. ऐकून न ऐकल्यासारखं केलं की काय होतं बघा, म्हणून. गृहपाठाला ह्याहून पक्कं काय असणार?

१५ जून
पुरावा माझ्याकडेच असेल. त्या वर्षीची रोजनिशी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. मी लिहिते, पण मागचं पान कधी उघडत नाही. रविवारी मुलगा ट्रंक काढून देईल.

१७ जून
सापडली. अक्षर माझंच आहे. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे उद्या मलाच शंका यायला नको.

"धाकट्याचा निकाल, घरी पाहुणे येणार. घाईघाईत निम्म्याच वॉर्डाचा चार्ज देऊन निघाले. सातचं लवंगीला सांगायचं राहिलं! केसपेपरवरही लिहिलं नाही. आता सहा वाजलेत. फोन करावा का? पण बैठकीत माणसं बसलीत. आणि तो बँडवाला स्वतःच सांगेल की, त्याच्या तोंडाला कुठे कुलूप आहे!"

दुसऱ्या दिवशीचं पान — "लवंगीने घोळ घातला. बँडवाला झोपेत होता, काही बोलला नाही. मी सांगितलं होतं तिला. बहुतेक सांगितलं होतं."

तिसऱ्या दिवशीचं — "मी सांगितलं होतं. परत म्हणायलाही लावलं होतं."

तीन पानं. तीन दिवसांत मी ती पोरगी संपवली.

१८ जून
जेवण गेलं नाही. सून म्हणाली, "आई, बरं नाही का?" म्हटलं, पित्त.

चौकशीत हात आपटला तेव्हा मला खरं माहीत होतं का? दिवसभर स्वतःला विचारतेय. नव्हतं माहीत. शपथेवर सांगते, तेव्हा मला तिचा आवाज ऐकू येत होता! पण माझ्या शपथेला आता किंमत काय? आणि फोन पाच पावलांवर होता, तो का केला नाही? माणसं बसली होती म्हणून? थू.

२० जून
वर्गात गेले, पण गृहपाठ दिला नाही. म्हटलं, विसरले. सर हसून म्हणाले, "गुरूच विसरल्या!" सगळे हसले. मीही हसले, निर्लज्जासारखी. वर्ग सुटल्यावर सरांना गाठून विचारलं, एखादी आठवण खोटी असून इतकी खरी कशी वाटते? म्हणाले, "जितक्या वेळा सांगाल तितकी ती पक्की होते. खरी असो वा खोटी." निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नव्या मुली. मीच घोटून घोटून पाठ केली ती.

२१ जून
पान फाडलं.

२२ जून
परत चिकटवलं. खळ नव्हती, नातीचा गोंद घेतला.

२५ जून
वॉर्डातल्या जुन्या मावशींना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून मग लवंगीचं विचारलं. "ती होय? लग्न झालं, एक मुलगी आहे. मंडईमागे इस्त्रीच्या दुकानात असते. पुन्हा दवाखान्याचं तोंड नाही बघितलं तिने. इतका हात हलका होता हो पोरीचा! लहान मुलांना सुई टोचलेली कळायची नाही."

मावशी बोलत राहिल्या. मी दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

२७ जून
सुनेला सगळं सांगितलं. वाटलं, हिच्या नजरेतून उतरणार. ती म्हणाली, "आई, सोळा वर्षं झाली. तिने संसार मांडला. आता कशाला उकरून काढता? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून?"

खरं आहे. मला मोकळं व्हायचंय, म्हणून तिच्या दारात जाऊन रडायचं? पण ती जगाला ओरडून सांगत होती की मला सांगितलं नव्हतं, आणि कोणी ऐकलं नाही. ती बरोबर होती हे एका तरी माणसाने तिला सांगायला नको? आणि ते माणूस माझ्याशिवाय कोण आहे?

२८ जून
दुकानासमोरून दोनदा गेले. ओळखली मी. कानशिलावरचे केस पांढरे झालेत. एका गिऱ्हाइकाला विचारत होती, "तीन शर्ट, एक साडी. बरोबर ना?" तो हो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं. मग चिठ्ठीवर लिहिलं, आणि चिठ्ठी त्याला वाचायला दिली. तो वैतागला. मला आत पाऊल टाकवेना. भित्री कुठली!

२९ जून
उद्या जाणारच. शिव्या देऊ दे. चार लोकांत चप्पल काढली तरी उभी राहीन.

३० जून
गेले. तिने लगेच ओळखलं, स्टूल पुसून दिलं. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि वही पुढे केली. तिने ती तीन पानं वाचली. दोनदा वाचली. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"सिस्टर, तुमच्या लिहिण्यात काहीतरी गडबड झाली असेल. तुम्ही सांगितलं होतं मला. जिन्यात, जाता जाता, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला अगदी स्पष्ट आठवतं. तेव्हा मी भीतीने नाही म्हणाले. विसरले मीच."

आयुष्यात कधी कोणा मुलीच्या खांद्यावर मी हात ठेवलेला नाही. तिला तसं म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. तीच माझी समजूत घालत राहिली — "मनाला लावून घेऊ नका." निघताना तिची मुलगी शाळेतून आली, नऊ वर्षांची, खोकत होती. मी म्हटलं, औषध दिलंस का हिला? ती म्हणाली, "तिचे बाबा आले की देतील. मी नाही देत कधी. बाटलीला हातच लावत नाही मी."