पलीकडून धरलेला बोल्ट

४ तारीख
पोचले एकदाची! आईने बॅगेत कोंबलेले दोन जाड स्वेटर पाहून इथल्या मावशी पोट धरून हसल्या. म्हणाल्या, इथे वारा आहे, थंडी नाही. खोली छोटी, पण झकास. खिडकीतून अख्खा समुद्र, आणि मान वर केली की आमचा टॉवर. केंद्र म्हणजे तरी काय, चार भिंती, हा टॉवर आणि तीन माणसं. मच्छीमार बोटींशी रेडिओवर बोलणारा ऑपरेटर, ज्याला सगळे ‘हॅलो’ म्हणतात. स्वयंपाकपाणी बघणाऱ्या मावशी, ज्यांचे यजमान त्याच बोटींपैकी एकीवर असतात. आणि आजपासून मी, अँटेनाची देखभाल करायला. माझ्या आधी या कामावर एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे. ते कुठे गेले म्हणून विचारलं, तर हॅलोने रेडिओचा आवाज वाढवला.

५ तारीख
पहिल्यांदा वर चढले. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. अँटेना खांबाला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे नट गंजून बोल्टशी असे एकजीव झालेत की पाना लावला तर पानाच घसरतो. तेल सोडून वाट पाहिली, ढिम्म हलले नाहीत. शेवटी एकेक बोल्ट करवतीच्या पात्याने कापायला घेतला.

नवे स्टेनलेसचे आणलेत. हॅलो म्हणाला, मग मिटलंच की, त्यांना गंज कुठला! त्याला समजावलं की स्टेनलेस गंजत नाही, पण सुका आवळला तर आटे एकमेकांत रुततात, आणि नट मग पुढेही जात नाही नि मागेही येत नाही. म्हणून आधी ब्रशने आटे साफ करायचे, आटे रुतू नयेत म्हणून मिळते ती तांब्याच्या रंगाची पेस्ट पातळ चोपडायची, नट नुसत्या बोटांनी फिरतोय ना ते पाहायचं आणि मगच पाना. तोही सावकाश, कारण पेस्ट लावली की नट हलका जातो, जोर कमीच लागतो. त्याने मोठी जांभई दिली. म्हणाला, माझं लग्नसुद्धा याहून कमी खटपटीत जमलं.

७ तारीख
बोल्ट आवळायला दोन पाने लागतात. एकाने बोल्टचं डोकं धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर दोन्ही एकत्रच गरगरतात. आज दुसरा पाना खाली विसरले. आता पुन्हा उतरा, पुन्हा चढा! वैतागून सहज फिरवून पाहिलं, तर बोल्ट जागचा हलला नाही आणि नट झक्क बसला. पुढचे सगळेही तसेच. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, फार हुरळून जाऊ नकोस, काम संपवून वेळेवर जेव.

८ तारीख
आज मुद्दाम एकच पाना नेला. नट फिरवताना मध्येच थांबले आणि पलीकडे हात घालून पाहिलं. बोल्टचं डोकं मोकळं होतं, बोटानेही फिरत होतं. हात काढला, पाना लावला, आणि पुन्हा घट्ट. जणू पलीकडून कोणी धरलंय. पलीकडे नुसती हवा आहे, आणि खाली समुद्र.

हॅलोला काही बोलले नाही. हसला असता.

९ तारीख
मावशींना सांगितलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

दादा वरच गेले, म्हणाल्या. वादळ येत होतं, त्यांना उतरायचं होतं, पण सेफ्टी बेल्टच्या साखळीचा नट गंजून जाम झालेला. पाना हातातून निसटला. त्या वाऱ्यात कोणाला चढता येईना. ते वरून ओरडत राहिले, “सोडवा रे मला! कोणीतरी पलीकडून धरा!” वारा पडला तेव्हा बेल्टमध्येच लटकलेले होते.

मग मावशी हळूच म्हणाल्या, पोरी, तुला मदतच करतात ना? मग कशाला घाबरतेस?

बेल्ट नवा आलाय, साखळी मात्र तीच. नट खोलला, घासून साफ केला, पेस्ट लावली. आता बोटांनी फिरतो.

१२ तारीख
आवळलेला नट सरकला तर कळावं म्हणून मी नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवते. आज एकही रेघ जुळत नाही. सगळे नट सैल.

पुन्हा आवळले. या वेळी पलीकडून कोणी धरलं नाही.

१३ तारीख
पुन्हा सैल. पेस्टमध्ये बोटांचे ठसे. माझी बोटं लावून पाहिली. ठसे मोठे आहेत.

हॅलोला दाखवले. तो हसला नाही. म्हणाला, इतके दिवस सगळं जाम होतं, म्हणून दादांचं काही चाललं नसेल. घट्ट बसलेलं काही बघवत नसेल त्यांना.

१४ तारीख
वादळाचा इशारा आलाय. बोटी परत निघाल्यात. वरून नट छपराच्या पत्र्यावर पडतायत. एक पडतो, जरा वेळ जातो, मग दुसरा. अँटेना कललीय. हॅलोचा आवाज बोटींना तुटक ऐकू जातोय. बाहेर धुकं आहे. रेडिओ गेला तर खडक चुकवायला त्यांना कोण सांगणार?

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

वर जाते.

त्याच दिवशी दुपारी, वरून
वही खिशातच होती. अँटेना दोरीने खांबाला बांधली. आवाज पोचतोय, हॅलोने भोंग्यावरून ओरडून सांगितलं. पण शिडीचा वरचा तुकडा गेला. माझ्यादेखत. नट आपोआप फिरत फिरत — मग सगळा तुकडाच खाली.

आडव्या दांडीवर बसलेय. बेल्ट आहे. लांब शिडी घेऊन धक्क्यावरून माणसं निघालीत.

दोन बोटी आत आल्या. मावशींच्या यजमानांची तेवढी बाकी.

बेल्टचा नट फिरतोय.

डाव्या हाताने धरलाय. माझीच पेस्ट — किती हलका फिरतो —

दोरी सोडली तर स्वतःला बांधता येईल. पण मग अँटेना — आणि ती बोट अजून बाहेर —

नाही.

मोठ्याने सांगतेय. दादा, मी अडकलेली नाही. मला सोडवू नका. ऐकतात. थांबतो नट. मग पुन्हा —

बोट! खडकांच्या आत आली. मावशी धक्क्याकडे धावतायत.

आता दोरी सोडवून स्वतःला बांधायचं. गाठ लांब आहे, एका हाताने सुटत नाही. डावा हात नटावरून काढावा लागेल. क्षणभरच. दादा, तेवढा एक क्षण फक्त —