दाराजवळची दुसरी खुंटी

मी, हेस्टर पेनफोल्ड, वय वर्षे एक्क्याऐंशी, कै. विल्फ्रेड पेनफोल्ड यांची पत्नी, राहणार ॲल्डरवुड वसाहत, हर्टफर्डशायर, स्वखुशीने लिहून ठेवते की माझी तब्येत ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र करण्यासाठी कोणीही माझ्या मागे लागलेले नाही. उलट वकीलसाहेबांच्या मागे मीच लागले आहे. मी आनंदाने नुसती फुलून गेले आहे.

यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रे मी रद्द करते. शेवटच्या मृत्युपत्रात ‘शेजारी क्लेमंट ॲशडाउन यास माझ्या कुंपणाचे पानसुद्धा मिळू नये’ असे एक कलम होते. ते दोनदा रद्द समजावे.

कलम एक. बँकेतली सर्व शिल्लक माझा मुलगा लेनर्ड याला द्यावी. लेनर्ड आमच्या याच बिनकपड्यांच्या वसाहतीत वाढला. अंगावर सुताचा धागा नसताना तळ्यात डुंबत मोठा झाला, आणि शाळेतल्या पोरांनी एकदा चिडवले तेव्हापासून गळ्यापर्यंत बटणे लावून फिरतो. भेटायला येतो तो फाटकापर्यंतच. मग मी झगा चढवते आणि आम्ही मायलेक त्याच्या गाडीत बसून सँडविच खातो. ‘आई, हे घर विकून टाक आणि शहरात चल,’ हे त्याचे पालुपद. पण इथली जमीन वसाहतीची आहे आणि घर वसाहतीत राहणाऱ्याच्याच नावावर होऊ शकते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. लेनर्ड, बाळा, माझा तुझ्यावर फार जीव आहे. कोटासकट.

कलम दोन. माझा एप्रन पलीकडच्या गल्लीतल्या फिलिपा थॉर्नला द्यावा. उघड्या अंगाने बेकन तळू नये, हे या वसाहतीत प्रत्येकाला एकदाच कळते. फिलिपाला ते गेल्या वर्षी कळले.

कलम तीन. हवेचा दाब दाखवणारे पितळी यंत्र आमचे सेक्रेटरी गॉडफ्री लॅम्बर्न यांना. दर शनिवारी ते ‘उद्या लख्ख ऊन’ अशी पाटी लावतात आणि रविवारी आम्ही सगळे हिरवळीवर कुडकुडतो. आता तरी यंत्र बघून पाटी लिहावी.

कलम चार. विल्फ्रेडचा टॉवेल माझ्याबरोबर पुरावा. आमच्याकडे ज्याचा त्याचा टॉवेल ज्याच्या त्याच्याजवळ असतो. दुसऱ्याच्या घरी गेले की तो खुर्चीवर पसरायचा, त्यावर बसायचे आणि निघताना खांद्यावर टाकून न्यायचा. दाराजवळच्या खुंटीला टॉवेल टांगतो तो फक्त घरचा माणूस. माझ्या दाराजवळ दोन खुंट्या आहेत. विल्फ्रेड गेल्यावर त्याचा टॉवेल मी पेटीत ठेवला. तेव्हापासून दुसरी खुंटी रिकामी आहे, आणि येता-जाता ती मला दिसते.

कलम पाच. कुंपण छाटायची मोठी कात्री क्लेमंटला द्यावी. आता हे कलम नीट वाचावे, कारण सगळा आनंद इथे आहे.

विल्फ्रेडचा अंत्यविधी गावातल्या चर्चमध्ये झाला. तिथे अख्खी वसाहत काळे कोट आणि टोप्या घालून आली, आणि कोणी कोणाला ओळखेना. आम्ही एकमेकांना पाठीवरून ओळखतो, गुडघ्यांवरून ओळखतो. टोपीवरून कसे ओळखणार? नवे बूट चावले म्हणून मी खांबामागे जाऊन एक बूट काढून उभी होते. क्लेमंट काही माझ्याकडे आला नाही. इतक्या वर्षांचा शेजारी, आणि सांत्वनाचा एक शब्द नाही! पुढे आमच्या मधल्या कुंपणात त्याने एक भगदाड पडू दिलेले दिसले. म्हटले, मेला आता कुंपणही सांभाळत नाही. मी त्या जागी काटेरी झुडपे लावली आणि बोलणे टाकले.

परवाच्या रविवारी माझी धाकटी बहीण डोरोथिया चहाला आली. बोलता बोलता सहज म्हणाली, “अगं, तो कुंपणाला फट ठेवणारा माणूस अजून इथंच राहतो का?”

“कसली फट?”

“विल्फ्रेडच्या वेळी नाही का तो मला म्हणाला, ‘हेस्टर, मधल्या कुंपणाला मी फट ठेवतो. वाटेल तेव्हा ये, हाक मारायचीही गरज नाही.’ मी आभार मानले.”

“अगं पण तू हेस्टर नाहीस, हे सांगितलं नाहीस?”

“तुझ्या वसाहतीतली सगळीच त्या दिवशी मला हेस्टर म्हणत होती. किती जणांना दुरुस्त करू?”

मी कात्री उचलली आणि टॉवेलसुद्धा न घेता धावत सुटले. काटे लागले, लागू देत! अर्धे झुडूप छाटून झाल्यावर पलीकडून क्लेमंट दिसला.

“हेस्टर, त्या कुंपणानं तुझं काय घोडं मारलंय?”

“विल्फ्रेडच्या अंत्यविधीला तू माझ्या बहिणीशी बोललास!”

“कुठली बहीण? मी तुझ्याशी बोललो. तू टोपी घातली होतीस.”

“टोपी सगळ्यांनीच घातली होती! मी खांबामागे होते. बूट चावत होता.”

तो खाली बसला. तोही टॉवेल न पसरता, सरळ गवतावर.

“म्हणजे ती तू नव्हतीसच? आणि मी समजलो, बाईंनी तोंडदेखले आभार मानले आणि फटीत काटे लावून खरं उत्तर दिलं.”

“अरे गाढवा, इतकी वर्षं शेजारी राहून मला ओळखलं नाहीस?”

“पाठमोरी असतीस तर लांबून ओळखलं असतं. कोटात सगळी माणसं सारखीच दिसतात गं.”

आम्ही हसलो, आणि मग मला रडू आले. हेही लिहून ठेवते.

कलम सहा. माझे राहते घर माझ्यामागे क्लेमंटला त्याच्या हयातीपर्यंत मिळावे, नंतर ते वसाहतीकडे जावे. क्लेमंटच्या घराची लाकडी तक्तपोशी कुजली आहे आणि हिवाळ्याच्या आत त्याला ते सोडायचे आहे. नॉर्विचला मुलीने खोली तयार ठेवली आहे. मुलगी गुणी आहे, पण तिथे न्याहारीलासुद्धा पँट घालून बसावे लागेल. तो तिथे महिनाभरात कोमेजेल. आणि क्लेमंट, माझ्या मरणाची वाट कशाला बघतोस? घर दोघांना पुरेल. आजच ये. हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. मी ते बसवले आहे.

क्लेमंटचे म्हणणे, “मला उपकार नकोत. साक्षीदार म्हणून सही करतो, तेवढा मान पुरे.” त्यावर मी त्याला कायदा ऐकवला: जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याने सही केली तर कलम सहा त्याच्यापुरते संपले आणि तो नॉर्विचला गेला. तो एवढेच म्हणाला, “असं होय? शुक्रवारी बघू.” म्हणून मी फिलिपा, गॉडफ्री आणि क्लेमंट अशा तिघांना बोलावले आहे. फिलिपाचा एप्रन आणि गॉडफ्रींचे यंत्र सह्यांआधीच त्यांच्या हातात देणार आहे, म्हणजे सही करून त्यांचे काही जाणार नाही. साक्षीदार दोनच लागतात, तेव्हा क्लेमंटने सही केली नाही तरी अडत नाही.

कलम सात. मी जगात आले तशीच मला न्यावे, कपड्यांविना. अंत्यविधी आमच्या हिरवळीवर करावा, म्हणजे सांत्वन योग्य माणसाचे होईल. लेनर्डने हवा तर कोट घालावा, पण फाटकाच्या आत यावे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) हेस्टर पेनफोल्ड

साक्षीदार:
१. (सही) फिलिपा थॉर्न
२. (सही) गॉडफ्री लॅम्बर्न

स्थळ: ॲल्डरवुड वसाहत
दिनांक: शुक्रवार, १२ जून २००९

सह्यांनंतर लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, तरी लिहिते. क्लेमंट वेळेवर आला होता. फिलिपाची सही झाल्यावर त्याने पेन हातात घेतले, टोपण काढले, माझ्याकडे पाहिले, टोपण परत लावले आणि पेन गॉडफ्रींना दिले. मग “चहा मी ठेवतो,” म्हणून तो आत गेला. जाताना खांद्यावरचा टॉवेल त्याने दुसऱ्या खुंटीला टांगला.