सुतक फिटण्याआधी नवं कापड

धाकट्या क्लोतिल्दला थोरलीचे आशीर्वाद.

मी किन्शासाला मुलाकडे आहे, हे तू विसरली असशील म्हणून कळवते. गुडघे बरे आहेत. सून लिहून घेते आहे; तिच्यावरची वाक्यं बहुधा गाळते आहे.

जुने पोप गेले तेव्हा इथल्या बायका धाय मोकलून रडल्या. नवे निवडले जाताच चर्चच्या महिला मंडळाने त्यांचं चित्र छापलेलं नेसायचं कापड आणलं. जुन्या पोपच्या कापडाचं अध्यक्षीणबाईंनी फडकं केलं. त्या चेहऱ्याने सांडलेली बिअर पुसताना पाहून मला शिसारी आली.

म्हटलं, "बाई, नवरा गेल्यावर त्याचा शर्ट तरी सुतक फिटेपर्यंत ठेवलात ना?"

"आजी, नवं नेसल्याशिवाय मिरवणुकीत यायचं नाही," म्हणाल्या.

नाही गेले. नव्या पोपवर माझा राग नाही, माणूस भला दिसतो. पण सुतक सोडायचं जेवण झाल्याशिवाय आपल्यात कुणी रंगीत नेसतं का? ते जेवण आता मीच घालणार, मग नवं नेसेन.

तुझा खोकला गेला का? खरं सांग.

जेवणात रांधायला गावाकडचे वाळवलेले सुरवंट पाठव, पण वाळू नीट झाडून. गेल्या खेपेला पाहुण्यांचे दात करकरले होते.

तुझी ताई,
ओदेत