बाहेरची कडी

ठमे,

आज 'बाळ' म्हणवत नाही. तुझ्या घरातल्या खोलीच्या दाराची कडी मीच काढून नेली आहे. वाऱ्यानं दार आपटतं म्हणालीस, म्हणून मीच ती बाहेरून बसवली होती. जन्मभर सुतारकाम केलं, पण ही कडी कोणासाठी, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

आज तू कामावर गेल्यावर मी येऊन ती उघडली. आत जावई होते. पाठीवर इस्त्रीचे तीन चटके, एक अजून ओला. त्यांची बोटं तू दारात चेपलीस, हे त्यांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं. "बायकोचा मार खाता होय?" म्हणून मी खो खो हसलो. तेव्हाच जीभ झडायला हवी होती माझी.

त्यांना मदतकेंद्रात घेऊन गेलो. तिथल्या बाई हसल्या नाहीत. जावयांनी उलट हात का उचलला नाही, असंही त्यांनी विचारलं नाही. "कुठे बसाल? दार उघडं ठेवू की लावू?" एवढंच विचारलं.

जावयांचे कपडे न्यायला तुझ्या घरी परत आलोय. माझ्या दारात पाऊल टाकलंस तर पटाशी हातात घेऊन उभा असेन, पोटची पोर आहेस हे बघणार नाही.

इथे यायच्या आधी तीच कडी माझ्या घरी, माझ्या खोलीला आतून लावून दिली. चार वेळा लावून पाहिली त्यांनी, मग झोपले.

बाबा