शेवाळावरून उगारलेली काठी

अण्णा, काल मी पोरीवर काठी उगारली. माकडं हाकलायची साधी काठी, पण हात तुमचा होता.

घराच्या मागच्या बाजूला, जिथं ऊन शिरत नाही, तिथं मी शेवाळ वाढवतो. जुन्या भिंतींवरून सोलून आणलेले तुकडे ओल्या मातीवर दाबायचे, वरून ताकाचं पाणी शिंपडायचं, झाडू लावायचा नाही, पडलेली पानं बोटांनी उचलायची. काशीच्या पंचगंगा घाटावर ओरडून यात्रेकरू गोळा करणारा मी आता लॉजचा मालक आहे आणि गुडघे टेकून ही शेवाळाची काई गोंजारतो. लोक हसतात, मीही हसतो. ही आवड कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वाड्याच्या चौकातल्या महादेवाच्या अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून जाई ती कुणी ओलांडायची नाही, प्रदक्षिणाही तिथूनच माघारी. त्यामुळे पलीकडच्या कोपऱ्यात पाऊल पडत नसे आणि शेवाळ माजलेलं असे. खडावांच्या आवाजावरून तुमचा राग मला आधीच कळायचा. मी पाप पत्करून उडी मारायचो, तुम्ही वेत घेऊन अलीकडे अडायचात. "ये इकडे, गाढवा!" "तुम्हीच या ना, अण्णा." तुमचे शिष्य तोंडात उपरणं कोंबून हसायचे.

मग एकदा पाहुण्या शास्त्रीबुवांसमोर वेद म्हणताना तुमचा स्वर चुकला आणि मी ती चूक बोलून दाखवली. त्या दिवशी तुम्ही पन्हळ ओलांडलीत. आई किंचाळतेय, "अहो, पन्हळ! पन्हळ!" तुम्ही वेत मोडेपर्यंत मारताय. मग उलथन्यानं सगळं शेवाळ दगडापर्यंत खरवडलंत, वर चुन्याचं उकळतं पाणी ओतलंत. माझ्या एका कानातून रक्त वाहत होतं, दुसऱ्यानं मी ते खरवडणं ऐकत होतो.

परवा माझी बायको माझ्या शेवाळावरून घसरली, खांद्याचं हाड मोडलं. काल पाहतो तर पोरीनं सगळ्यावर संडासात टाकायचं ॲसिड ओतलेलं. नुसता फेस, खाली तपकिरी चिखल.

"कुणाला विचारून ओतलंस?"

"आई विव्हळत होती तेव्हा तुम्ही आधी काय बघितलंत, बाबा? उखडलेली काई! शर्म नहीं आती?"

मी काठी डोक्यावरच हाणणार होतो. तिनं वरच्या वर मनगट धरलं आणि पिरगाळलं. आतून कट्ट आवाज आला. "दोबारा हाथ उठाया ना, तोड़ के रख दूँगी."

डॉक्टर म्हणाले, मोडलं नाही, मुरगळलंय. म्हणून अक्षर असं. गल्लीत सांगितलंय, जिन्यावरून पडलो. तुम्ही तर गेलात, हे पाठवणार कुठं? गंगेत सोडलं तर एखादा नावाडी काढून वाचेल, त्यापेक्षा उशीखाली राहू दे. मी स्वतःहून थांबलो, अण्णा, असं लिहिलं तर खोटं होईल. पण ती धमकी देताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. एवढ्या कळा येत असतानाही ते ऐकून मला बरं वाटलं. तिला हे अजून सांगितलेलं नाही.