रस्त्याकडचं दार

डुलुथ
२ मार्च २०१६

ती. अर्नेस्टीन आत्यास,
ओडेलचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि तिळाच्या बिस्किटांचा डबा, दोन्ही पोचलं. निम्मी बिस्किटं रूबेनने पोस्टातून घरी येईपर्यंतच संपवली, तेव्हा आभार त्याचेही समज. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि मी काय बोललो ते नंतर पाद्रीबाबांना विचारतेस, म्हणून हे लिहूनच कळवतो.

येत्या नऊ एप्रिलला, शनिवारी, आम्ही दोघं चार्ल्स्टनला येतोय. राहायची सोय एका अतिथिगृहात केली आहे, तुझ्या जिन्याला त्रास नको. लग्न होऊन आठ महिने झाले. तू आली नाहीस, गुडघा म्हणालीस, आणि मी गुडघ्यावर विश्वास ठेवला. पण बाबा गेल्यापासून माझ्याकडचं म्हणावं असं माणूस तूच एक उरलीस. माझ्या नवऱ्याला तू एकदा डोळे भरून बघावंस, एवढीच इच्छा आहे. जड जात असेल तर मोकळेपणाने सांग. आम्ही गाव बघून परत जाऊ. रागावणार नाही.

गुडघ्याला जप, आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा,
ओडेल


चार्ल्स्टन
१४ मार्च

चि. कूटास,
आत्याचे आशीर्वाद.

स्वतःच्या गावी यायला परवानगी मागतोस, एवढा शहाणा कधीपासून झालास? कासवासारखा सावकाश जेवायचास म्हणून तुझ्या बाबांनी कूटा, म्हणजे कासव, असं नाव ठेवलं, हे रूबेनला सांगितलंयस का? नसेल तर मी सांगेन. सोबत बरंच काही सांगेन.

चार वाजता या. लाल भात करते, भेंडीचं सूप करते. त्याला कोळंबी चालते ना? बर्फातली माणसं काय खातात देव जाणे. अझेलिया यंदा लवकर फुलल्यात, तुम्ही येईपर्यंत टिकल्या तर नशीब.

समोरच्या प्रेलोबाईंनी टपालवाल्याच्या हातात तुझं पत्र पाहिलं आणि भाचा एकटाच येतोय का, असं विचारलं. मी गुडघा दुखतोय म्हणून आत निघून आले. हा गुडघा फार कामाचा आहे.

या लवकर. माझा लोभ तुला मागावा लागत नाही.
तुझी,
आत्या


डुलुथ
१३ एप्रिल

ती. आत्यास,
नमस्कार.

रागावणार नाही असं लिहिलं होतं, ते मागे घेतो.

शनिवारी चारला पाच कमी असताना आम्ही तुझ्या घरासमोर होतो. रस्त्याकडचं दार बंद होतं. आतून लाल भाताचा वास येत होता, म्हणजे तू घरात होतीस. रूबेन सरळ घंटा वाजवायला निघाला, मी त्याला धरून थांबवलं. त्याच्या गावी दार थंडीसाठी लावतात. आपल्याकडे ते दार घरात उघडतच नाही, पडवीत उघडतं. उघडं असलं तर या, बंद असलं तर आज नाही, हे मी चालायला लागल्यापासून तूच शिकवलंस. शेजारच्या गिलियर्डांचं बंद दार वाजवलं म्हणून माझा कान पिळला होतास, आठवतं? म्हणून मी वाजवलं नाही. दहा मिनिटं समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो आणि निघालो.

रूबेनचं म्हणणं की वाऱ्याने लागलं असेल. मी म्हटलं, तुला कळायचं नाही. मग त्याला पाहुण्यासारखं खेचराच्या गाडीतून गाव दाखवलं. गाडीवानाने आम्ही एकमेकांचे कोण असं विचारलं, रूबेनने सांगून टाकलं, तर त्याने अभिनंदन केलं आणि आपल्या खेचराचीही ओळख करून दिली. त्याच दिवशी सकाळी अतिथिगृहाच्या बाईंनी एक पलंग की दोन असं विचारलं, तेव्हा जन्मल्या गावात माझी जीभ अडखळली. रूबेनच एक म्हणाला. बाईंनी आम्हाला बागेकडची सगळ्यात चांगली खोली दिली. परक्या बाईने दिली गं, आत्या. मला फार लागलं ते.

लोभ असावा असं लिहिणार होतो. आहे का, ते तूच कळव.
ओडेल


चार्ल्स्टन
२७ एप्रिल

चि. कूटास,
आशीर्वाद, आणि कान पुढे कर.

घरच्या माणसाला कधी दार बंद असतं का, मूर्खा, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. दोष तुझा नाही.

दार मीच लावलं होतं. उघडं दिसलं की प्रेलोबाई आणि चर्चमधल्या दोघी येऊन ठाण मांडतात, आणि मला ती संध्याकाळ तुम्हा दोघांसाठीच हवी होती. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं असं, की मला लाज वाटली. त्या तुमच्याकडे बघणार, कुजबुजणार, मग मी कुठे बघू? निळा फ्रॉक घालून सात वाजेपर्यंत घंटेची वाट बघत बसले. तू वाजवशील असं धरून चालले होते. तुला इतकं नीट शिकवून ठेवलंय, हेच विसरले. भात कुणी खाल्ला नाही. आणि लग्नाच्या वेळी गुडघाही दुखत नव्हता रे. मला माफ कर. रूबेनची माफी समोर बसवून मागेन.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सुताराला बोलावून दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. पडवीत आडवं पडलंय. प्रेलोबाई धावत आल्या, दाराला काय झालं म्हणून. मी सांगितलं की माझा भाचा आणि त्याचा नवरा येणार आहेत, त्यांना पुन्हा अडायला नको म्हणून काढलं. त्यांनी एवढंच विचारलं की मक्याचा पाव किती जणांपुरता आणू.

जुन्या घरांच्या समितीला मात्र दया आली नाही. परवानगीशिवाय दार हलवलं म्हणून नोटीस आलीय. तीस दिवसांत ते जागेवर हवं. सुताराला मी हात लावू देणार नाही. तुम्ही दोघं या आणि बसवा.

तोवर घर सताड उघडं आहे, आणि मीही.
तुझी,
आत्या


चार्ल्स्टन
३१ मे

चि. ओडेल आणि चि. रूबेन यांस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतंय. प्रेलोबाई रोज विचारतात की त्या उंच मुलाने भेंडीच्या सुपाची कृती लिहून नेली का. वरच्या खोलीतले दोन अरुंद पलंग मी चर्चला देऊन टाकले आणि एक मोठा घेतला. पुढच्या वेळी अतिथिगृहाचं नाव काढलंत तर जेवण मिळणार नाही.

समितीचा माणूस येऊन गेला. दार जागेवर आहे का, एवढंच त्याच्या कागदात विचारलं होतं. आहे म्हणून लिहून गेला.

रूबेन, तुझं चार पानी माफीपत्र मिळालं. बसवताना दाराची कड जास्त तासली गेली, आता ते कितीही ओढलं तरी लागत नाही, पुन्हा आपोआप उघडतं, म्हणून पुढच्या खेपेला येऊन दुरुस्त करतो असं लिहितोस. बाळा, त्या दाराला हात लावशील तर याद राख.

लोभाचं विचाराल तर तोही आता त्या दारासारखाच, लावता येत नाही.
तुमची,
अर्नेस्टीन आत्या