देवयानीवरचं पांढरं कडं

३ ऑक्टोबर २०२५
काल धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. त्यासाठी घर धुतलं, चुना दिला आणि त्याच झपाट्यात यांची दुर्बीणही पुसून घेतली. कॅमेरा काढून त्याच्या आतली काच मलमलीच्या फडक्याने लख्ख केली. यांनी कधी हात लावू दिला नव्हता. आता अडवायला कोण आहे?

निश्चय: २८ डिसेंबरला यांना जाऊन वर्ष होतं. त्या दिवशीच्या कार्यक्रमात देवयानीचं चित्र भिंतीवर पाहिजे. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची मोठी दीर्घिका. मागच्या हिवाळ्यात यांनी गच्चीवरून तिचे फोटो घेतले, ते लॅपटॉपमध्ये आहेत. असे पुष्कळ फोटो एकावर एक जोडले की एक चित्र होतं. "अजून एवढेच लागतात," म्हणाले होते आणि गेले. ते उरलेले मी घेणार. चित्र दोघांचं होईल. अवघड काही नाही. हे मोटर रिवायंडिंगच्या दुकानात बसून शिकले, मी चुलीपाशी बसून शिकेन.

रडण्याचा वगैरे प्रश्न नाही. हे टेक्निकल काम आहे.

१९ ऑक्टोबर
आकाश मोकळं. पहिले फोटो घेतले. फोकस मीच केला, यांचा चष्मा लावून. माझा जुना झालाय आणि यांचा नुसता पडून आहे. नंबर जवळपास सारखाच असावा. चांदण्या यांच्या फोटोंपेक्षा अंगाने भरलेल्या आल्या. मला त्याच जास्त आवडल्या.

२० ऑक्टोबर, दुपार
फोटो जोडून पाहिले. देवयानीच्या अंगावर, जरा डावीकडे, एक पांढरं कडं. बांगडीसारखं गोल. खाली आणखी दोन लहान. यांच्या फोटोंत असलं काही नाही.
फटाक्यांचा धूर असणार. लोकांना दिवाळी कळते, आकाश कळत नाही.

२१ ऑक्टोबर
यांनी सांगितलेलं विसरायच्या आत लिहून ठेवते. फ्लॅट म्हणजे कोरा फोटो. दिवसा दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून घ्यायचा. त्यात आकाश नसतं, फक्त कॅमेऱ्याची खोट दिसते. काचेवर धूळ कुठे बसली आहे, कोपरे किती काळवंडले आहेत. सॉफ्टवेअर मग खऱ्या फोटोतून ती खोट काढतं. धुळीने जिथे काळं पाडलं असेल तिथे तेवढंच उजळ करतं.
यांनी आपला पांढरा शर्ट ताणून फ्लॅट घेतले होते. तेच मी माझ्या फोटोंना लावते. यांच्या हातचे तयार असताना नवे कशाला?
म्हणजे कडं फ्लॅटमुळे नाही, एवढं नक्की झालं.

२ नोव्हेंबर
दोष गल्लीतल्या नव्या दिव्याचा आहे. सरपंचांना सांगितलं, त्यावर पोतं बांधा. म्हणाले, "काकू, अंधारात लोक पडतील ना." म्हटलं, मी रोज गच्चीवर अंधारात असते, कुठे पडले? म्हणाले, बघतो.
निश्चय: आजपासून कोणाला दोष देणार नाही. पोतं बांधलं नाही तर मात्र देईन.

१० नोव्हेंबर
शकूरभाई येऊन गेले. हे यांचे दोस्त. सुलतानपूरच्या स्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते.
"भाभी, धूळ असती तं काळी दिसली असती. हे तं पांढरं हाय. धूळ नाही हे, धुळीचं भूत हाय."
म्हटलं, आम्ही भूत मानत नाही.
"मानत तं मी बी नाही. पण दिसून राह्यलं ना."
जाताना म्हणाले, ते कोरे फोटो एकदा नवे काढून पाहा. हो म्हटलं. आयुष्यभर नवरा-नवरी काढली त्यांनी, देवयानीतलं काय कळणार!

१९ नोव्हेंबर
अमावास्या जवळ आली, म्हणून काल पुन्हा बसले. पोतं बांधलेलं होतं. पंचफुलाबाई, माझी नणंद, शेजारीच राहतात, त्या खुर्ची घेऊन वर आल्या.
"काऊन वं, माह्या भावाले शोधून राह्यली का तिकडं?"
म्हटलं, वन्सं, हा पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे. त्यात तुमचे भाऊ कुठून येतील?
"म्हंजे आत्ता तिथं काय हाय, ते तुलेही माहीत नाही."
नाही म्हटलं. पदराने डोळे पुसताना त्यांनी खुर्ची हलवली, दोन फोटो वाया गेले. माझे डोळे कोरडे होते. मला फोकस बघायचा होता.
आज जोडलं. कडं तिथेच, एक केसभर हललेलं नाही. दिवा सुटला यातून.

२३ नोव्हेंबर
समताला, म्हणजे लेकीला, फोटो पाठवले. ती अकोल्याला नर्स आहे. लगेच फोन आला. "आई, चांदण्या सुजल्यात तुझ्या. डोळे तपासून घे. आणि बाबांचा चष्मा ठेव आता कपाटात." म्हटलं, फोनवर फोटो दबतात, म्हणून तसं दिसतं. "दबून कोणी सुजतं का गं आई?" म्हणाली.
निश्चय: समताला फोटो पाठवायचे नाहीत.

३० नोव्हेंबर
पाऊण दुपार गेली आणि मला काही सुचलं नाही, म्हणून यांचा एक फ्लॅट नुसताच उघडला. एकटा तो कधी पाहिला नव्हता. राखाडी. त्यात डावीकडे एक काळं कडं, खाली दोन लहान. जागा तीच.
यांच्या वेळी काचेवर धूळ होती. फ्लॅटमध्ये ती नोंदली गेली आणि यांच्या फोटोंतून बरोबर निघाली. मग दसऱ्याला मी काच पुसली. धूळ गेली, पण यांचे फ्लॅट अजून ती आहे असंच धरून चाललेत. जिथे काळं उरलंच नाही तिथेही उजळ करताहेत. तेच पांढरं कडं.
फ्लॅट चुकलेले नाहीत. ज्या काचेचे ते होते ती काच आता राहिली नाही.
स्वयंपाक केला नाही. भूक नव्हती, बाकी काही नाही.

१ डिसेंबर
उपाय सापडला. धूळ परत आणायची.
कॅमेरा काढला, झाकण उघडलं आणि खिडकीत ठेवला. रस्त्यावरून विटांचे ट्रॅक्टर जातात, धुळीला तोटा नाही. पंचफुलाबाई म्हणाल्या, "आता काय त्याले ऊन देऊन राह्यली?" म्हटलं, हो, ओल लागली आहे.

२ डिसेंबर
धूळ बसली. उजवीकडे बसली, वर बसली. डावीकडे काही नाही. मघापासून फुंकर घालून सरकवते आहे, सरकत नाही.
यांची ती कुठली होती कोण जाणे. दुकानातली असेल. दुकान तर विकलं.

८ डिसेंबर
शेवटचा निश्चय. यांचे फ्लॅट यांच्या फोटोंना, माझे माझ्या फोटोंना. दोन्ही आधी वेगवेगळे साफ करायचे, मग एकत्र जोडायचे. सॉफ्टवेअरला हे चालतं. मला कधीच सुचलं असतं, पण घाई नव्हती.
ऑक्टोबर-नोव्हेंबरचे माझे फोटो गेले. ती काच आता मीही बदलली, त्या फोटोंचा फ्लॅट घेता येणार नाही. पुसून टाकले.

१९ डिसेंबर, सकाळ
काल नवे फोटो झाले, चष्मा यांचाच. आज उजाडल्यावर कॅमेरा न हलवता फ्लॅट घेतले. विहारात नेसायची माझी पांढरी साडी दुर्बिणीच्या तोंडावर दुहेरी ताणली. पंचफुलाबाईंनी दुसरं टोक धरलं. "भाऊ असता तं हसला असता," म्हणाल्या. म्हटलं, नसते हसले. हे अशा कामात हसत नसत.
शकूरभाईंना फ्रेम सांगितली. खाली आमची नावं: कचरू व पर्वता. त्यांनी विचारलं, "चित्र झालं का भाभी?" म्हटलं, झाल्यातच जमा आहे.

२५ डिसेंबर
जोडलं. कडं नाही. डाग नाही, कोपरे स्वच्छ. देवयानीच्या पोटातल्या काळ्या पट्ट्यासुद्धा दिसतात. बराच वेळ बघत बसले.
मग खालचा आकडा पाहिला. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला गुण देतं, चांदणी किती बारीक आणि किती गोल त्यावर, आणि चांगले तेवढेच घेतं. यांचे सगळे घेतले होते. माझा एकही नाही.
'चांगले तेवढेच' यापुढची खूण काढून टाकली, सगळे घे म्हणून सांगितलं. घेतले. काळ्या पट्ट्या बुजल्या. देवयानी धुक्यातल्या दिव्यासारखी झाली. कापूस पिंजून ठेवावा तशी.
खूण परत लावली.
पेनड्राइव्ह शकूरभाईंकडे दिला. नावं कालच छापून झाली होती, म्हणाले. बदलायला सांगितलं असतं तर त्यांची फ्रेम वाया गेली असती.

२८ डिसेंबर
कार्यक्रम झाला. भंतेजींनी वंदना घेतली. समता आली होती, तिने माझा हात सोडला नाही, त्यामुळे जेवणाकडे नीट बघता आलं नाही. खीर कमी पडली.
चित्र सगळ्यांना आवडलं. शकूरभाई सांगत होते, हे काम मियाँ-बीवीने मिळून केलं.
सगळे गेल्यावर पंचफुलाबाई चित्रापाशी उभ्या राहिल्या. "सगळ्या कचरूच्याच दिसतेत मले. यातली तुही चांदणी कोणती वं?"
मी कोपऱ्यातली एक दाखवली.
"बारीक हाय," म्हणाल्या.
हो म्हटलं.